परदेशात दोघांचा लांबचा मुक्काम: खर्चाचा हिशेब महिन्यावर नको, दिवसावर धरा

कोथरूड_ते_कुठेही

नमस्कार मंडळी,

"व्हिएतनाममध्ये दोघांना महिन्याला किती लागतात?" असं कोणी विचारलं की साठ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत उत्तरं येतात. सगळी खरी असतात, पण विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकाने विमानाचं तिकीट धरलेलं नसतं. दुसऱ्याने पुण्यातल्या फ्लॅटचा मेंटेनन्सही त्यातच घातलेला असतो. तिसऱ्याने घरभाडं धरलेलं असतं, पण विजेचं बिल वेगळं आलं ते सोडून दिलेलं असतं. म्हणून खर्चाच्या आकड्यापेक्षा हिशेबाच्या पद्धतीवरच एकदा सविस्तर बोलू या.

आम्ही दोघं पन्नाशीतले. नवऱ्याने नोकरी ठरवून लवकर सोडली, मुलगी तिच्या पायावर उभी आहे. वर्षातला मोठा काळ आग्नेय आशियात एकेका गावी महिना-दोन महिने राहायचं, स्वयंपाक शक्यतो घरी करायचा, ही आमची रीत. बाहेर असताना मिळकत फक्त व्याजाची, त्यामुळे हिशेब चोख ठेवावाच लागतो.

माझं ठाम मत असं, की प्रवासात महिना हे एकक सोडून द्यावं. पुण्यात महिना चालतो, कारण पगार, दूध, पेपर, मेंटेनन्स सगळं महिन्याने फिरतं. बाहेर तसं काहीच नसतं. मुक्काम बाराव्या तारखेला सुरू होतो आणि पुढच्या महिन्याच्या वीसला संपतो. एका महिन्यात दोन घरांची भाडी पडतात, दुसऱ्यात एकही नाही. अशा वेळी "मार्चचा खर्च" बघून घाबरायला होतं आणि "एप्रिलचा खर्च" बघून हात सैल सुटतो. दोन्ही वेळा आकडा फसवा.

त्याऐवजी मी रोजचा दर काढते. त्या गावी राहण्यासाठी जे जे पैसे मोजले, ते सगळे तिथल्या दिवसांवर पसरायचे. व्हिएतनामचा ई-व्हिसा घ्या. एका प्रवेशाचा २५ डॉलरला मिळतो आणि ९० दिवसांपर्यंत चालतो. दोघांचे ५० डॉलर. डॉलर नव्वद रुपये धरला तर ४,५०० रुपये. पूर्ण ९० दिवस राहिलात तर रोजचे ५० रुपये, ३० दिवसांत परतलात तर रोजचे १५०. विमानाचंही तेच. दोघांची जाण्यायेण्याची तिकिटं समजा ६०,००० ला पडली, तर दहा दिवसांच्या सहलीत रोजचे ६,००० झाले, ९० दिवसांत ६६७. लांब मुक्काम स्वस्त पडतो असं सगळे म्हणतात, तो नेमका कुठे स्वस्त पडतो हे या भागाकारात दिसतं.

व्हिएतनामच्या दानांग शहरातल्या वहीतलं एक साधं पान देते. तेव्हा आम्ही रुपयाला ३०० डोंग (तिथलं चलन) धरत होतो, म्हणजे दोन शून्यं काढून तीनने भागलं की रुपये.

सकाळच्या बाजारात नाळीच्या भाजीची जुडी, टोफू, टोमॅटो, लिंबं मिळून ७०,००० डोंग. दोघांची कॉफी ५०,०००. दुपारी घरी मुगाची खिचडी. धुलाईवाल्याकडे चार किलो कपडे, ८०,०००. संध्याकाळी समुद्रावर दोन शहाळी ४०,०००, आणि पाऊस आला म्हणून ग्रॅबच्या (ॲपवरून बोलावायच्या) टॅक्सीने घरी, ६०,०००. बेरीज तीन लाख डोंग, म्हणजे एक हजार रुपये.

त्या दिवशी आमच्या हातून गेले ते हे हजार रुपये. पण घरभाडं महिन्याला ९० लाख डोंग होतं, त्याचे रोजचे आणखी हजार. व्हिसाचे ५०, तिकिटाचे ६६७, प्रवास विम्याचे साधारण २००. खरा दर २,९०० च्या वर गेला. खिचडीतली डाळ पुण्याहून नेलेली होती, तिचेही पैसे दिलेले होतेच, ते मी शिदोरी या नावाने सगळ्या सफरीवर पसरते.

याशिवाय एक वेगळं पान असतं, पुण्याचं खातं. सोसायटीचा मेंटेनन्स, महावितरणचा स्थिर आकार (घर बंद असलं तरी तो येतोच), मिळकतकर, आरोग्य विमा, गाडीचा विमा. कामवाल्या मावशींना आम्ही नसतानाही अर्धा पगार देतो. त्यांनी आमचं घर धरून ठेवलेलं असतं, त्यांचं घर आमच्या प्रवासापायी अडायला नको. हे सगळं प्रवासाच्या दरात मिसळत नाही, पण रोज किती हे शेजारी लिहिते. दोन्ही आकडे एका ओळीत दिसले पाहिजेत.

आणि शेवटचं, दोघांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येकाचा हातखर्च. ठरावीक रक्कम, दोघांना सारखी, तिचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. माझे सुती कापडाचे तुकडे आणि नवऱ्याची जुन्या नाण्यांची आवड यावरून एकदाही शब्द झालेला नाही, कारण वहीत फक्त "हातखर्च" एवढंच लिहिलेलं असतं.

तुम्ही कसं करता ते लिहा.

---

औंधकर

फार उपयोगी लिहिलंत ताई. आम्ही दोघं जानेवारीत मलेशियात पेनांगला जायचं ठरवतोय. एक शंका: हे सगळं वहीत की एखाद्या ॲपवर?

---

कोथरूड_ते_कुठेही

दिवसभराचं खिशातल्या छोट्या वहीत, रात्री जेवण झाल्यावर शीटमध्ये. शीट दोघांच्याही फोनवर उघडते. ॲप वापरून बघितली, पण घरभाडं तीस दिवसांवर पसरायची सोय मला हवी तशी मिळाली नाही. शीटमध्ये एक रकाना जास्त घातला की काम होतं: "किती दिवसांवर". भाजीपुढे १, भाड्यापुढे ३०, व्हिसापुढे जितके दिवस राहणार तितके.

---

पुणे_३०

आयुष्य बँकेत गेलं, म्हणून दोन शब्द.

ताई करतायत ती रोजकीर्द आणि खतावणीच आहे. रोजकीर्दीत पैसे ज्या दिवशी गेले त्या दिवशी लिहायचे. खतावणीत ते ज्या कारणासाठी गेले त्या खात्यावर टाकायचे. बहुतेक लोक या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत करायला जातात आणि तिथेच घोळ होतो. भाडं पहिल्या तारखेला दिलं तर रोजकीर्दीत ते एकरकमी दिसलंच पाहिजे, नाहीतर खिशातली शिल्लक जुळणार नाही. दिवसांवर पसरायचं ते खतावणीत. रोज रात्री पाकिटातली रोकड मोजून रोजकीर्दीशी ताडून बघा. फरक आला तर त्याच रात्री शोधा, आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही.

दुसरा मुद्दा दराचा. परकीय चलनाचे रुपये करताना गूगलवरचा दर लावू नका. तुम्हाला प्रत्यक्षात ज्या दराने पैसे पडले तो लावा. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दर वेळी साधारण २२० बाट कापते, काही ठिकाणी २५०. पाच हजार बाट काढले तर २२० म्हणजे ४.४ टक्के. वीस हजार काढले तर १.१ टक्के. शुल्क तेच, टक्क्यात चौपट फरक. त्यावर आपल्या बँकेचं चलन-बदलाचं शुल्क वेगळं. अनेक क्रेडिट कार्डांवर ते ३.५ टक्के असतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. एक लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. हे शुल्क न घेणारी किंवा कमी घेणारी कार्डंही आहेत, निघण्यापूर्वी दोन-तीन महिने आधी अर्ज करून ठेवावा.

आणि मशीनवर किंवा दुकानात "रुपयात घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून माणूस हो म्हणतो, पण तो दर समोरच्याने स्वतःचा नफा घालून लावलेला असतो.

बँकेच्या शुल्कांचं खातं वेगळं ठेवा. वर्षअखेर ती बेरीज बघितली की पुढच्या वर्षी कोणतं कार्ड न्यायचं हे आपोआप ठरतं.

---

हिंजवडी_फेज_२

मी थोडं वेगळं मत मांडते. आम्ही दोघं तिशीतले, नोकरीतून वर्षभराची सुट्टी घेऊन निघालो होतो. सुरुवातीला प्रत्येक कॉफी लिहायचो. त्याने असं व्हायला लागलं की जोडीदार काही मागवायच्या आधी माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. पैसे होते, वेळ होता, आणि तरी मन मोकळं नव्हतं. मग आम्ही बारीक खर्च लिहिणं बंद केलं. आठवड्याची एक रक्कम एका वेगळ्या कार्डावर टाकायची आणि ती संपेपर्यंत काहीच लिहायचं नाही. भाडं, तिकिटं, व्हिसा, विमा एवढंच शीटमध्ये.

मला वाटतं, एकूण खर्च मोठ्या चार गोष्टींवरच ठरतो. शहाळ्याने कोणी कंगाल होत नाही.

---

कोथरूड_ते_कुठेही

तुझं म्हणणं मनापासून पटलं, विशेषतः एकमेकांकडे बघण्याचं. हिशेबामुळे जोडीदारापुढे मागणी करावी लागते असं वाटायला लागलं तर ती पद्धत बदललीच पाहिजे. आठवड्याच्या कार्डाची कल्पना छान आहे.

फक्त आमच्याकडे पगार थांबलेला आहे आणि पुढची तीस वर्षं त्याच पैशांत काढायची आहेत, त्यामुळे बारीक खर्चही मला दिसावा लागतो. बारीक खर्चातूनच आमच्या मोठ्या गोष्टी ठरतात. थायलंडमधल्या च्यांग माईमध्ये बाहेरच्या खाण्याचा आकडा सारखा वर जात होता. वही चाळल्यावर दिसलं, की भाड्याच्या घरात एकच शेगडी आणि ओटा नावालाच होता, त्यामुळे दुपारचं जेवण रोज बाहेर होत होतं. पुढच्या गावी आम्ही भाडं थोडं जास्त देऊन नीट स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं आणि रोजचा दर खाली आला. कॉफ्या आणि थाळ्या लिहिल्या नसत्या तर आम्ही भाड्यातच काटकसर करत बसलो असतो.

---

मुठेकाठी

च्यांग माईचा विषय निघाला म्हणून: भाडं ठरवताना वीज कोणत्या दराने लावणार हे विचाराच. बऱ्याच इमारतींत मालक युनिटमागे ७-८ बाट लावतात, सरकारी बिलापेक्षा बरंच जास्त. उन्हाळ्यात एसी चालला की भाड्याच्या चौथ्या हिश्शाइतकं बिल येऊ शकतं. घरात शिरताना मीटरचा फोटो काढून ठेवायचा, निघताना पुन्हा.

आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तिकडे जाऊ नका. शेतं आणि रानं जाळल्यामुळे हवा इतकी खराब होते की हवा शुद्ध करणारं यंत्र भाड्याने घ्यावं लागतं आणि खिडक्या उघडता येत नाहीत. त्या दिवसांत भाडी कमी असतात, त्याला भुलू नये. दम्याचा त्रास असेल तर औषधपाण्यातच सगळी बचत जाते.

मलेशियात आणखी एक छुपा खर्च आहे. परदेशी पाहुण्यांना पर्यटन कर, खोलीमागे रोज १० रिंगिट. तीस रात्रींचे ३००. रिंगिट वीस रुपये धरला तरी सहा हजार झाले. बुकिंगच्या वेळी दाखवलेल्या भाड्यात तो धरलाय की दारात मागणार, हे आधी विचारून घ्या.

---

वारजे_माळवाडी

सर्वांना नमस्कार. आमचा प्रश्न पुण्याच्या खात्याचा आहे. दोघं निवृत्त, सहा-सात महिने बाहेर राहायचा विचार आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट तेवढ्या काळासाठी भाड्याने द्यावा का? मुलगा म्हणतो द्या, त्यातच परदेशातलं भाडं निघेल. हिची तयारी नाही. ती म्हणते, तिचा देव्हारा आणि भांडी कोणाच्या हाती द्यायची नाहीत.

---

पुणे_३०

वहिनींचं म्हणणं हिशेबाबाहेरचं नाही, ते आधी धरा. घर रिकामं करायचं म्हणजे सामान कुठेतरी ठेवायचं, त्याचं भाडं, हलवाहलवी, परतल्यावर रंगरंगोटी. हे सगळं मिळणाऱ्या भाड्यातून वजा करा.

मग दोन गोष्टी. पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. घर भाड्याने दिलं की ती जाते. आणि सोसायटी बिनभोगवटा शुल्क (घरात मालकाऐवजी भाडेकरू असल्याचं) लावू शकते. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, कोणी जास्त मागितलं तर हा आदेश दाखवा. घर नुसतं कुलूप लावून ठेवलंत तर हे शुल्क लागत नाही.

करार नोंदवणं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, एजंटाची दलाली, हे सगळं आलंच. सहा महिन्यांसाठी भाडेकरू मिळणंही सोपं नाही, बहुतेकांना अकरा महिने हवे असतात. माझा सल्ला विचाराल तर वर्षाहून कमी काळासाठी घर भाड्याने देऊ नये. ओळखीच्या कोणाकडे किल्ली ठेवा, पंधरा दिवसांनी नळ सोडून, खिडक्या उघडून बघायला सांगा. बंद घरात पावसाळ्यात ओल फार चढते.

---

वारजे_माळवाडी

काका, मनापासून आभार. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, मी सांगत होते."

---

ताळेबंद

मी कर सल्लागार आहे, नदीपात्राजवळ ऑफिस आहे. दोन गोष्टींत लोकांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून लिहितो.

पहिली टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चावर बँक आधीच कापून घेते त्या कराची. फॉरेक्स कार्डात भरलेले, डेबिट कार्डाने परदेशात खर्चलेले किंवा बाहेर पाठवलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (बाहेर पैसे नेण्या-पाठवण्याची मुभा देणारी योजना) मोजले जातात. स्वतःच्या खर्चासाठी आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ७ लाख होती. त्यावरच्या रकमेवर २० टक्के. ही मर्यादा माणशी असते. सगळे पैसे नवऱ्याच्याच खात्यातून गेले तर त्याची मर्यादा संपते आणि बायकोची तशीच पडून राहते. दोघांच्या नावाने वेगवेगळी कार्डं घ्या आणि खर्च वाटून घ्या. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या या मोजणीत येत नाही.

टीसीएस कापला गेलाच तर तो पैसा बुडालेला नसतो. आयकर खात्याकडच्या आपल्या कर-उताऱ्यात दिसतो आणि विवरणपत्र भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो. तेव्हा वहीत तो खर्च म्हणून लिहू नका, "येणे" म्हणून लिहा. मात्र परत मिळेपर्यंत पैसे अडकतात, तेवढी रोकड हाताशी हवी.

दुसरी गोष्ट रहिवासाची. "आम्ही १८२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर होतो, म्हणजे एनआरआय झालो" असं समजून अनेक जण येतात. तसं नाही. त्या वर्षात ६० दिवस भारतात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिला असाल तरीही तुम्ही निवासीच धरले जाता. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला या ६० दिवसांच्या अटीतून सूट आहे, फिरायला गेलेल्याला नाही. तेव्हा बँकेत जाऊन खाती बदलायची घाई करू नका.

निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, सफर आखताना तो महिना बघून घ्या.

---

हिंजवडी_फेज_२

ताळेबंद, फार नेमकं लिहिलंत. त्याला जोडून: आपला भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवायचा खर्चही खतावणीत घ्या. ओटीपी आला नाही तर पैसे असूनही हात बांधलेले. आम्ही दोघांचे नंबर दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवले होते. एकाचं रोमिंग कुठे अडलं तरी दुसऱ्याचं चालायचं. दोघांची कार्डंही एका पाकिटात ठेवायची नाहीत.

---

सिंहगड_पायथा

स्कूटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण हा पैशांचा आणि जिवाचा दोन्हीचा प्रश्न आहे.

दानांग, होई आन, सगळीकडे स्कूटर भाड्याने सहज मिळते आणि ग्रॅबपेक्षा स्वस्त पडते, म्हणून खर्चाच्या रकान्यात ती फार आकर्षक दिसते. आपल्याकडे आरटीओ जो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देतं तो १९४९ च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारानुसार असतो. व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानतो. त्यामुळे आपला परवाना तिथे चालत नाही. दुकानदार काही न विचारता किल्ली देतो, पण अपघात झाला तर विमा कंपनी "परवाना वैध नव्हता" म्हणून दावा नाकारू शकते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हाड मोडल्याचा सगळा खर्च खिशातून करावा लागला, आणि तो त्यांच्या सबंध सफरीच्या खर्चापेक्षा जास्त होता. थायलंडमध्ये आपला परवाना चालतो, पण त्यावर दुचाकीचा शिक्का हवा.

ज्यांना पुण्यात पन्नास वर्षं गाडी चालवल्याचा भरवसा वाटतो, त्यांनी कृपा करून हे वाचावं.

---

कोथरूड_ते_कुठेही

दादा, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. स्कूटरने वाचणारे पैसे मांडताना विम्याचं हे कलम शेजारी मांडलंच पाहिजे. आम्ही व्हिएतनाममध्ये सायकल आणि ग्रॅब यावर भागवतो. वहीत प्रवासाचा आकडा थोडा मोठा दिसतो, तो दिसू दे.

विम्यावरून आठवलं. प्रवास विम्याच्या एका सफरीला दिवसांची कमाल मर्यादा असते, आणि पॉलिसी बहुतेकदा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. लांबच्या मुक्कामाला निघताना मर्यादा किती आणि बाहेरून मुदतवाढ मिळते का, हे कागदावर वाचून घ्यायचं. आधीचा आजार असेल तर तो सांगायचाच. इथला आरोग्य विमा चालू ठेवायचा, कारण मध्येच बंद केला तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो.

---

नवी_पेठ_माहेर

एक नाजूक प्रश्न. आमच्यात कमावणारा फक्त नवरा आहे. त्याचा स्वभाव चांगला आहे, कधी काही बोलत नाही. पण हिशेबाची वही त्याच्या हातात असली की मला आपोआप जपून राहावंसं वाटतं. सारखा हातखर्च ठरवायचा हे मी त्याला कसं सांगू?

---

कोथरूड_ते_कुठेही

ताई, तो जसा चांगला आहे म्हणताय, तर सरळ सांगा. सफरीतले पैसे दोघांचे असतात. बाहेर राहताना स्वयंपाक, बाजार, कपडे, औषधांच्या वेळा, हे कोण सांभाळतं तेही धरा. बाजारात भाव करून रोजचा दर खाली कोण आणतं, हे तर वहीतच दिसतं.

आणि वही तुम्ही घ्या. निदान आठवडाआड. जो हिशेब लिहितो त्याला खर्चाची भीती कमी वाटते, कारण किती उरलंय हे त्याला माहीत असतं. आमच्याकडे रविवारी सकाळी दोघं मिळून बघतो, तेव्हा फक्त बेरजा बघायच्या आणि पुढच्या आठवड्याचं ठरवायचं. झालेल्या खर्चावर चर्चा नाही. ज्या दिवशी दोघांपैकी कोणी दमलेलं असेल त्या दिवशी वही उघडायचीच नाही.

---

नवी_पेठ_माहेर

आज रात्रीच बोलते.

---

मुठेकाठी

अजून एक सांगायचं राहिलं. थायलंडला जाण्यापूर्वी भरायचं डिजिटल आगमन कार्ड (मे २०२५ पासून सुरू झालं) पूर्ण फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. व्हिएतनामच्या ई-व्हिसालाही तशाच दिसणाऱ्या महागड्या साइट आहेत. पत्ता नीट बघून सरकारी साइटवरच अर्ज करा.

---

औंधकर

सगळं छापून घेतलं. दोन शेवटचे प्रश्न. एक, पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतची कॅब कुठे धरायची? दोन, सफर लवकर आटोपती घ्यावी हे हिशेबावरून कधी कळतं?

---

कोथरूड_ते_कुठेही

कॅब सफरीच्या सगळ्या दिवसांवर पसरायची, तिकिटासारखीच. येतानाची सुद्धा आधीच अंदाजाने धरून ठेवा.

दुसऱ्याचं असं. निघण्यापूर्वी एक रक्कम बाजूला काढायची: दोघांचं ऐनवेळचं परतीचं तिकीट, दवाखान्यात लगेच भरावे लागतील असे पैसे, आणि पुण्यात परतल्यावरचा तीन महिन्यांचा घरखर्च. ही रक्कम शीटमध्ये घालायचीच नाही. उरलेल्या पैशांना रोजच्या दराने भागलं की किती दिवस राहता येईल ते कळतं. दर आठवड्याला हा भागाकार पुन्हा करायचा. आकडा परतीच्या तारखेच्या अलीकडे यायला लागला तर आधी मुक्कामाचं गाव बदलून बघायचं, आणि तरीही येत असेल तर परतीची तारीख अलीकडे ओढून घ्यायची. मुक्काम लांबवण्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेला हात लावायचा नाही.

पेनांगला जॉर्ज टाऊनमध्ये घर बघत असाल तर लिटल इंडियाच्या चालत्या अंतरावर बघा. तूरडाळ, कणीक, मोहरी, हिंग, सगळं मिळतं, त्यामुळे शिदोरीची बॅग हलकी ठेवा. चौरस्ता मार्केटला भाजीसाठी सकाळी लवकर जा. गावात कॅट नावाची फुकटची बस फिरते, तिचा मार्ग घराजवळून जातो का तेही भाडं ठरवण्यापूर्वी पाहा. मलेशियात आपल्याला ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण तिथे पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. आणि पर्यटन कराचे १० रिंगिट विसरू नका.